दहापैकी दहा

...आणि वर लोक दादारावलाच नावं ठेवतात! म्हणे बापानंच पोराचं वाटोळं केलं. अहो, कुठला बाप पोराला सांगेल, की परीक्षेत मुद्दाम चुका करून ये? यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगतो, हा दादाराव मूळचा नांदेडचा, शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत जर्मनीत ड्रेस्डेनच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर झालेला, आणि त्याचा पोरगा संघर्ष काय करतो, तर आइस हॉकी. म्हणजे पायात पाती बांधायची, हातात काठी घ्यायची आणि बर्फावर एकमेकांना कठड्यावर आपटायचं... पगारी! गावाकडून भावाचा फोन आला, "पोरगं काय करतंय रे?" की हा म्हणायचा, "प्रायव्हेटमध्ये आहे." पण २०१४ साली, बाविसाव्या वर्षी, पोरानं दुसऱ्या फळीतल्या लीगच्या टीमचा करार सही करून आणला आणि दादाराव विरघळलाच. मग काय, दर मॅचला हा गळ्यात टीमचा मफलर घालून हजर, आणि शेजारी नीलावहिनी डोळे गच्च मिटून.

आता ऐका. दर ऑगस्टला, सीझनच्या आधी, टीमचा डॉक्टर डोक्याची परीक्षा घेतो. दहा शब्द वाचून दाखवणार आणि थोड्या वेळानं विचारणार, किती आठवतात. पुढे कधी डोक्याला मार लागला, की परत तीच परीक्षा, आणि मार्क ऑगस्टइतके आले तरच बर्फावर पाय ठेवायचा. म्हणून सगळे खेळाडू ऑगस्टमध्ये मुद्दाम ढ होतात. दोन वर्षं संघर्षही झाला. तिसऱ्या वर्षी जेवताना हसत हसत बोलून गेला, अर्थात जर्मनमध्ये, की पापा, सगळेच करतात, मी उद्या पाच सांगणार.

दादारावचा घास हातातच राहिला. "पाच? दहापैकी पाच? अरे, मुद्दाम नापास होणारा आपल्या घरात अजून जन्मला नाही. दहाच्या दहा सांगून ये."

"नाइन, पापा." नऊ नव्हे हो, जर्मनमधलं 'नाही'.

"मग मला पापा म्हणू नकोस."

पोरगं गेलं आणि दहाच्या दहा सांगून आलं. वहिनींनी खीर केली. यात त्याचं काय चुकलं?

जानेवारीत पोरगं हेल्मेटसकट कठड्यावर आदळलं. आठवड्यानं परीक्षा, पाच शब्द. महिन्यानं परत, सहा. डॉक्टर म्हणाला, "असं बघा, ऑगस्टमध्ये दहा होते. खेळता येणार नाही." अहो, ऑगस्टमध्ये चार असते, तर पोरगं मार खाऊन हुशार झालं, असं धरलं असतं त्यांनी! सीझन संपला, करार संपला, आणि डोकं दुखणाऱ्याला नवा करार कोण देतो? पंचविसाव्या वर्षी पोरगं रिटायर. "तुमच्या मार्कांपायी गेलं माझं सगळं," एवढं बोलून बॅग उचलून निघून गेलं. आठ महिने फोन नाही.

आणि त्याच टीमचा तो मार्को... ऑगस्टमध्ये चार शब्द सांगणारा. मार खाल्ला, परीक्षा दिली, पास झाला, चौथ्या दिवशी खेळला आणि परत मार खाल्ला. आता भर दुपारी पडदे ओढून बसतो, बायकोला हाक मारायची तर नाव शोधत बसतो. वहिनी म्हणाल्या, "अहो, तुम्ही वाचवलंत पोराला." पण हे पोराला कोण सांगणार? फोनच उचलत नव्हता.

गेल्या रविवारी पोरगं आपणहून आलं. चहा घेतला, आईशी गप्पा मारल्या, मावशीची तब्येत दोनदा विचारली. दादारावनं शेवटी धीर केला. "बाळा, अजून राग आहे का रे माझ्यावर?"

संघर्षनं बापाकडे शांतपणे बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाला, "कशाबद्दल, पापा?"

आता याला माफ केलंय म्हणायचं, की आठवतच नाहीये म्हणायचं? एक शब्द पुढे विचारला असता तर कळलं असतं. नाही विचारलं दादारावनं. बशी पुढे सरकवली आणि म्हणाला, "काही नाही रे. बिस्किट घे."