सरावाचा हात

सासू : नीट बघ. बाही वर केली तरी ठणकतंय. आधी लालसर होतं, मग निळं, आज पार काळंजांभळं. समोरची विचारत होती, काकू, इतकं कुणी पिळलं हो तुमच्या हाताला?

नवरा : मग तू काय म्हणालीस?

सासू : मी कशाला काय म्हणू? गप्प राहिले. घरचं उणंदुणं बाहेर काढायची सवय नाही मला.

सून : गप्प राहूनच सगळं सांगितलंत की. आत्ता दूध आणायला गेले तर जिन्यातल्या बायका बोलता बोलता थांबल्या. एकीने तर मुलीला माझ्या वाटेतून बाजूला ओढलं.

सासू : मन साफ असेल तर बायका थांबल्या काय न् बोलल्या काय.

सून : अहो, ते दार लावा आणि मलाही विचारा. रविवारी याच टेबलावर मी आईंचं रक्त काढलं. परीक्षेच्या सरावासाठी. त्यांनीच हात पुढे केला.

सासू : मी केला? म्हाताऱ्या माणसांच्या शिरा निसटतात, परीक्षेत तसा पेशंट वाट्याला आला तर काय करू, म्हणून एवढंसं तोंड करून बसली होतीस. मला दया आली.

सून : आणि पहिल्याच वेळी शीर सापडली. नळी भरली. मुंगी चावल्याएवढंसुद्धा झालं नाही, असं तुम्हीच म्हणालात. म्हणालात की नाही?

सासू : कापसाचा बोळा दाबून बसा, म्हणाली आणि गेली हात धुवायला.

सून : आणि परत आले तर तुम्ही भरलेली बादली उचलून निघाला होतात. त्याच हाताने! रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तुम्हाला. कातडीखाली रक्त पसरणारच. मी तेव्हाच सांगितलं, बर्फ लावू या. तर म्हणालात, राहू दे, तुझ्या परीक्षेचं बघ.

सासू : म्हणजे बादलीही मीच उचलायची आणि बोलणीही मीच खायची.

सून : उचला म्हणून सांगितलं कुणी होतं?

सासू : कुणी सांगत नाही म्हणूनच उचलावी लागते. सूनबाई सकाळी कॉलेजात, दुपारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, घरी आल्या की पुस्तकात. घरात मी आणि भांडी. भांडी तरी वाजतात, मला तेही नाही.

नवरा : झालं दोघींचं?

सून : तुम्ही सांगा यांना. पिळल्यावर बोटं उमटतात. इथे मधोमध सुईची खूण आहे, बारीकशी. तुम्हाला दिसतेय ती.

नवरा : मला एवढंच दिसतंय की माझ्या आईचा हात सुजलाय आणि सगळ्या बिल्डिंगला वाटतंय, माझी बायको तिच्यावर हात टाकते. परवाची परीक्षा राहू दे.

सून : काय?

नवरा : परीक्षा राहू दे, म्हटलं. तो लॅबचा डिप्लोमाही राहू दे. पुष्कळ झालं.

सून : अहो, प्रॅक्टिकल तेवढं उरलंय. लेखी सगळं पार पडलं. वर्गात पहिली आहे मी.

नवरा : तेच डोक्यात गेलंय.

सून : प्रवेश घे, असं तुम्हीच मागे लागला होतात.

नवरा : लागलो होतो. वाटलं, चार दिवस रक्त-लघवीचे वास घेशील आणि येशील घरी.

सून : तुमच्यासारखी?

सासू : त्याच्यासारखी म्हणजे? तो काही कंटाळून आला नाही. परीक्षकाने डूख धरला त्याच्यावर. आपल्या ओळखीच्या पोरांना पुढे काढायचं होतं त्याला. नाहीतर आज हा लॅबमध्ये खुर्चीवर बसला असता.

नवरा : आई, तो विषय नको.

सून : अहो, म्हणजे आईंना तुम्ही सांगितलंच नाहीत अजून?

नवरा : तू गप्प बस.

सून : आई, डूख वगैरे काही नाही. यांचा हात थरथरतो. परीक्षेत एका आजोबांना टोचलं, रक्त दिसलं, आणि चक्कर येऊन हे त्यांच्याच मांडीवर पडले. आजोबांनी यांना पाणी पाजलं. पुढच्या वेळी परीक्षकांनी सुईच काढून घेतली हातातून. म्हणाले, बाळा, तू आपला नळ्यांना चिठ्ठ्या चिकटव.

सासू : मांडीवर?

सून : मांडीवर.

(सासू हसू दाबायला जाते, पण तिला ते आवरत नाही.)

सासू : अगं बाई! आजोबांच्या मांडीवर! आणि मी आख्ख्या नात्यात त्या परीक्षकाला शिव्या घालत फिरले. लहानपणी गुडघा खरचटला तरी असाच डोळे पांढरे करायचा हा.

नवरा : हस. हसून घे.

सासू : नाही रे, हसत नाही मी. तसं नाही. पण मांडीवर म्हणजे...

नवरा : हे मी तुला एकटीला सांगितलं होतं. लग्नानंतर, पहिल्याच महिन्यात. कुणाला सांगणार नाही, म्हणाली होतीस.

सून : आणि तुम्ही म्हणाला होतात, शिक, मी पाठीशी आहे.

नवरा : आई, पुसून घे डोळे. हसून पाणी आलंय.

सून : दुसऱ्यांनी भरलेल्या नळ्या डब्यात घालून स्कूटरवरून पोचवता तुम्ही. आणि मी त्या भरायला शिकले, हे बघवत नाही तुम्हाला. एवढंच आहे. आईंचा हात नुसतं निमित्त.

नवरा : मलाही येतं.

सून : काय येतं?

नवरा : रक्त काढायला. रोज समोर उभा राहून बघतो मी. त्यात काय आहे एवढं?

सून : काही नाही ना? मग हा घ्या. दोन्ही हात तुमचे. माझी पेटी तिथे कपाटावर आहे. एक नळी भरून दाखवा, परवा मी परीक्षेला जाणार नाही. परवाच काय, कधीच जाणार नाही. नाही जमलं, तर जिन्यात उभं राहून सगळ्यांना सांगायचं, आईंच्या हाताला काय झालं ते.

नवरा : किती वेळा टोचू देशील?

सून : हवं तितक्या वेळा. ‘थांबा’ असं मी म्हणणार नाही. तुम्हीच म्हणाल.

सासू : अगं, काहीतरीच काय! ठेव रे ती पेटी.

नवरा : तू बस, आई. मघाशी हसत होतीस ना? आता बस आणि बघ.

सून : हात धुवा आधी. आता पट्टा बांधा. कोपरावर नाही, वर, थोडा आणखी वर. एवढा आवळू नका, फाशी द्यायची नाहीये.

नवरा : बोलू नकोस.

सून : सुई उलटी धरलीत. तोंड वर पाहिजे तिचं. बघा, लागला हात थरथरायला.

नवरा : बोलू नकोस म्हटलं ना!

सून : स्स्...

नवरा : दुखलं?

सून : रक्त आलं का ते बघा. नाही ना? मग आत फिरवू नका ती. काढा बाहेर.

सासू : अरे, पाणी आलं तिच्या डोळ्यांत.

नवरा : दुसरी सुई दे.

सून : घ्या. कपाळ पुसा आधी, घाम ठिबकतोय. आणि पडायचंच झालं तर आईंच्या बाजूला पडा. माझी मांडी मोकळी नाही.

नवरा : मूठ मीट.

सून : आई गं! आरपार गेली. पट्टा सोडा. सोडा लवकर, फुगतंय बघा!

सासू : टेंगूळ आलं की रे! बास झालं. बंद करा हा खेळ, मला बघवत नाही.

नवरा : थांबा म्हण.

सून : नाही म्हणणार.

नवरा : मग दुसरा हात.

सून : तिथे नाही! तिथे बोट ठेवून बघा आधी. उडतंय ना? धमनी आहे ती. तिच्यात घुसवलीत तर मलाच दवाखान्यात न्यावं लागेल. बाहेरच्या अंगाला या. अजून थोडं. बोटाला मऊ लागतंय? दाबून सोडलं की वर येतंय?

नवरा : हो.

सून : तीच. श्वास कशाला धरलाय? सोडा. डाव्या अंगठ्याने कातडी खाली ताणून धरा. आणि मनगट असं माझ्या हातावर टेकवा, म्हणजे थरथर थांबते. इतकी उभी नको, आडवी करा जरा. आता घाई करायची नाही, पण मध्ये थांबायचंही नाही. जा.

नवरा : आली.

सासू : आली?

नवरा : आली! आई, बघ, आली! भरतेय!

सून : पट्टा सोडा. सुई काढायच्या आधी पट्टा.

नवरा : हो, हो, सोडला. काढली. हे बघ! भरली नळी. चक्कर नाही, काही नाही! उभा आहे मी!

सून : हळूच खालीवर करा ती. झटकू नका. नाहीतर गोठेल.

सासू : अगं, पण हे सगळं तूच सांगितलंस त्याला.

सून : हो.

सासू : का सांगितलंस, वेडे?

सून : चुकीचं चाललेलं बघवेना. वर्गात मागच्या बाकांना मीच शिकवते. तोंडातून निघून गेलं.

नवरा : सांगितलं असेल. हात माझा होता. आणि शब्द तिचा.

सासू : शब्द कसला, रागात बोलली ती. ऐक माझं, जाऊ दे तिला परवा. माझ्या हाताचं म्हणशील तर बादली मीच उचलली. दाबून बसा म्हणाली होती, तरी उठले. राग आला होता मला. पोरीला पहिल्या फटक्यात जमलं, आणि मला आयुष्यात काय जमलं, असं काहीतरी आलं मनात. मी सांगते जिन्यात जाऊन. आत्ता सांगते.

नवरा : काय सांगशील?

सासू : खरं ते.

नवरा : खरं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सुईचा डाग मला ओळखता येत नाही होय?

सासू : ठाऊक होतं? मग मला इतके दिवस बोलू का दिलंस?

नवरा : तू बोलत होतीस म्हणून मला बोलावं लागलं नाही.

सून : परवा मी गेले तर?

नवरा : जा की. पण मग तिकडूनच माहेरी जा. इकडे यायचं नाही. आणि लोक तुझ्या बाजूने बोलतील, असं समजू नकोस. आईचा हात सगळ्यांनी पाहिलाय.

सासू : अरे, पण मी सांगेन ना त्यांना!

नवरा : आता कोण ऐकणार तुझं? म्हणतील, सुनेच्या धाकाने बोलते म्हातारी.

सासू : तू असा कधी झालास रे?

नवरा : माझं नाव अजून कॉलेजातून कायमचं काढलेलं नाही. आणखी एकदा परीक्षेला बसता येतं, विचारून ठेवलंय मी. पुस्तकं तुझी आहेतच. पांढरा कोट तेवढा नवा शिवावा लागेल, तुझा मला व्हायचा नाही.

सासू : तिचं रक्त थांबलेलं नाही अजून. बोळा धर तिचा.

नवरा : तू धर, आई. आणि तू ऐक ना गं, रोज थोडा वेळ मला शिकवशील? खरंच विचारतोय. तिथे कुणी असं शेजारी बसून सांगितलंच नाही मला. तू छान सांगतेस. अशीच शिकवलीस तर होईन मी पास.

सून : सरावाला हात कुणाचा?

नवरा : तुझाच. आईच्या हाताची काय दशा आहे, बघतेस ना?

सून : उद्या नको. उद्या हे सगळं सुजलेलं असेल. परवा सकाळी घ्या. मी घरीच आहे.