डावा खांदा

इंग्लंडमध्ये नॉरफकच्या किनाऱ्यावर, बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"आजोबांची दुनळी आहे ती, क्लेम. शंभर वर्षांत तिचा दस्ता कुणी वाकवला नाही."

"थोडा डावीकडे वाकवायचाय. आता बदकं डाव्या खांद्यावरून मारणार."

"उजव्याला काय झालं?"

"काही नाही. हौस. तू चौकशा थांबव, मेव्हिस."

"डावा डोळा मीट."

"कशाला?"

"मीट म्हणते ना. किती बोटं?"

"तीन."

"मी हात वर केलेलाच नाही. नेम उजव्या डोळ्याने धरायचास, म्हणून हिवाळाभर रिकाम्या हातांनी यायचास?"

क्लेम बाहीने दस्ता पुसू लागला.

"आणि इथवर गाडी तू चालवलीस. किल्ली दे."

"तुला कुठे चालवता येते?"

"मला दिसतं तरी."