येळवशीचे ढाळे

माझं कुणी ऐकलं न्हाई, मग आता बघा की जावईबापू, हरभऱ्याचं रान कसं झालं ते! घाट्याला घाटा लागलाय, आत दाणा न्हाई. एकेका घाट्यात अळी तोंड खुपसून बसलीय, माहेरी आल्यासारखी. — आं? तुमच्या सासऱ्याचं, म्हंजी माझ्या भावाचं, रान हिरवंगार, बांधाच्या अलीकडं असं का? सांगते. आधी आंबील घ्या. अन् ते हातातले हरभऱ्याचे ढाळे खाली ठेवा. ठेवा म्हणते ना.

उदगीरच्या दुकानात बसणारे तुम्ही, तुम्हाला काय ठाव. येळवशीला, म्हंजी मार्गशीर्षाच्या अवसेला, रानात लक्षुमी पुजायला आम्ही घोंगडं पांघरून यायचो, दात वाजायचे. त्या थंडीत अळी मुडपून पडायची. म्हणून गावचा नेम — येळवस होईस्तोवर हरभऱ्याला औषध मारायचं न्हाई. लेकरंबाळं, पाहुणे उभ्या रानात ढाळे खातात, त्यांच्या पोटात इख घालावं का? पण थंडी हाय कुठं? रात्री पंखा लावून झोपले मी! अळीची तर दिवाळीच झाली. शेंड्यावर अंडी दिसली तशी देवळापुढं जाऊन सांगितलं — औंदा सगळेच फवारू, पाहुण्याला सांगू ढाळे न्हाईत म्हणून. हसले मेले. एक जण तर लई मोठ्यानं — "अक्का, लक्षुमीला औषध पाजतीस व्हय?" कडेवर घेऊन वाढवलेला भाऊ — त्याचं ऐकलं मी. पंप खुंटीलाच ऱ्हायला.

परवा बांधापलीकडं गेले. साळुंक्या सगळ्या माझ्या रानात अळ्या टिपून राहिल्या, तिकडं एक न्हाई. हरभऱ्याचं पान चाटलं की आंबट लागतं ना? तिकडचं कडू. अन् वास औषधाचा. नेम मला, फवारा त्याला! आज त्याच रानात पंगत. स्वतः ढाळ्याला हात लावला का त्यानं? — न्हाई ना? पाहुण्याला मात्र जुडी बांधून.

काय म्हणता? तुम्ही खाल्ले, सुकन्यानंबी खाल्ले? पोटच्या लेकीलाबी सांगितलं न्हाई? मग बसलात काय, उठा, चूळ भरा, तिला घेऊन डॉक्टरकडं जा आधी! आंबील ऱ्हाऊ द्या. अळीला मी शिव्या देत न्हाई, तिला पोट हाय. थंडीनं दगा दिला, तिला जाब विचारायला तोंड कुठाय. ह्याला तोंड हाय. अन् नावबी हाय — वैजनाथ.