सोमवारचा दिवा

...अहो, हसताय काय? गाडीच्या डॅशबोर्डवरचा दिवा केवढा, तर माझ्या करंगळीच्या नखाएवढा! पिवळा, मधे इंजिनाचं चित्र. पण तेवढ्याशा दिव्याने माझी बावीस वर्षांची पिकअप भंगारात काढत आणली होती, भंगारात! तुम्हाला सांगतो, वडिलांची गाडी ती. सुतारकाम त्यांनी शिकवलं, गाडी त्यांनीच हातात दिली, आम्ही बापलेकांनी केलेली सगळी कपाटं हिच्या पाठीवरून लोकांच्या घरी गेली. आणि एक दिवस तो दिवा पेटला, भर चौकात गाडी बंद, मागे गिऱ्हाइकाचं कपाट, ढकलायला कोण? बायको! ती म्हणाली, "या महिन्यात हा दिवा गेला नाही, तर गाडी भंगारात. माझे खांदे फुकट आलेले नाहीत!"

बरोबरच आहे, खांदे तिचे!

गेलो मेकॅनिककडे. त्याने स्कॅनर लावला, डोळे बारीक केले. "काका, सायलेन्सरमधला सेन्सर गेलाय." बदलला. दिवा विझला. मी खूश! काही दिवसांनी किल्ली फिरवतो... दिवा हजर!

"काका, आता मशीन म्हणतंय, इंजिनात हवा किती जाते ते मोजणारा सेन्सर गेलाय." म्हटलं, मशीन म्हणतंय तर घाल बाबा. घातला. मोजून सहा दिवस गाडी लोण्यासारखी! सातव्या दिवशी... दिवा हजर! पुन्हा नवा सेन्सर, पुन्हा दिवा हजर! मेकॅनिकचा चेहरा असा पडला, की मीच त्याला पाणी दिलं.

बरं, मी गाडीची हेळसांड करतो म्हणावं, तर तेही नाही! हल्ली तर दर रविवारी बॉनेट उघडतो, एअर फिल्टर काढतो, धुतो, वाळवतो, आणि वर तेल! वडील सांगायचे, लाकूड असो की लोखंड, तेल दिलं की टिकतं. मग हात कशाला आखडायचा? बायको आतून ओरडते, "त्यातले दोन थेंब या दाराला घाला! तीन वर्षं कुईकुई करतंय!" दार काय हो, घालू कधीतरी. दार कुठे कपाटं वाहून नेतं?

शेवटी महिना संपत आला, तशी बायको स्वतः गॅरेजात आली, हातात भिंतीवरचं कॅलेंडर. दिवा पेटला त्या प्रत्येक दिवसाला तिने गोल केलेला. मेकॅनिकपुढे धरलं. सगळे सोमवार! एकूण एक सोमवार!

तो माझ्याकडे वळला. "काका... रविवारी काय करता?"

"कुठे काय? सेवा करतो गाडीची!"

त्याने फिल्टरचा डबा उघडला, आत बोट घातलं, बाहेर काढलं. बोटावरून तेल टपटप! "काका, यात भजी तळायची होती का?" म्हणाला, हे तेल हवेबरोबर आत ओढलं जातं, त्या हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसाएवढ्या तारेवर बसतं, आणि तो आंधळा होतो. "काका, सेन्सर गेले नाहीत. तुम्ही घालवलेत."

मी?! अहो, वडिलांची गाडी मीच मारत होतो, तेही प्रेमाने! आणि बायको? तिने पेन काढून कॅलेंडरवरच्या सगळ्या रविवारांवर फुल्या मारल्या!

कोरडा फिल्टर बसला, सेन्सर बदलला. चार सोमवार झाले, दिवा नाही. गाडी वाचली! पण बॉनेटला हात लावायची मला बंदी. आणि उरलेलं तेल? बायकोने उभं राहून माझ्याकडून घरातल्या सगळ्या दारांना घालून घेतलं. कुठे कुईकुई म्हणून नाही.

त्यामुळे झालंय काय, रविवारी मी गुपचूप बॉनेटपाशी जातो... आणि ती मागे कधी येऊन उभी राहते, ते कळतच नाही!