भासऱ्यांच्या बाजूची खुर्ची

नाई पटलं ना कोणाले! एका खुर्चीपायी माह्या पोरीचा नंबर गेला म्हणलं, तर घरचे सारे दात काढून हासले. हासा! तुम्ही तरी आयका, बायाइनो, हासू नका, माह्ये हातपाय अजून गार हायत.

माह्यी सोनू वकिलीच्या प्रवेश परीक्षेले बसलीती. आमच्या तांड्यातून पह्यली! भासऱ्याइनं, म्हणजे आमच्या ह्याइच्या मोठ्या भावानं, हुकूम सोडला, "एकदाच. लागला नंबर तं जाय यवतमाळले, नाई तं शिक्षण बंद, घर धर." घरात त्याइच्यापुढं चूं नाई कोणाची. मी तं चौथी पास. आंगणात त्याइची चप्पल वाजली का माह्या हातातली भाकर तव्यावर उलटी पडते... हातपाय गार!

तं थो पेपर. बाकी सारं येते पोरीले, पण एक भाग असा का, सात जण खुर्च्याइवर बसले, ए मधात हाय, बी अन् सी लागून हायत, डी काई ई च्या बाजूले बसत नाई, तं सांगा कोण कुठी बसलं! मोबाईलमधला मास्तर वरडते, "बच्चों, घबराना नहीं, डायग्राम बनाओ!" अन् पोरगी घामानं वलीचिंब. "आई, ए बी सी डोक्यात ठरतच नाई वं!" म्हणलं, ठरतीन कसे? त्याइले मायबाप हायत का, सोयरे हायत का? काहून बसत नाई डी ई च्या बाजूले? काई भांडण झालं असन नं! थे म्हणे, "कारण लिहिलं नसते, आई." अवं बापा! कारणाशिवाय कोणी रुसते?

मंग मी मांडणीवरची भांडी उतरवली. म्हणलं हे घे माणसं. पितळी तांब्या म्हणजे तुहे मोठे बाबा, भासरे. भाताचा गंज म्हणजे माह्यी मोठी जाऊ मानीबाई. तिचा जावई राजदीप म्हणजे स्टीलचा डबा, बोलते कमी, वाजते जास्त. अन् दांडा तुटलेला कप म्हणजे मी. आता बसव! पह्यले त्याले बसव ज्याची जागा लिहून देल्ली. मंग जोड्या बसव, जे एकमेकाइले सोडत नाई. मंग रुसलेले दूर दूर सार. अन् ज्याच्याबद्दल पेपरात काईच लिहिलं नाई, त्याले शेवटी, जे जागा उरन तिथी. पोरगी म्हणे, "म्हणजे तूच!" मीच नं! लग्नाच्या पंगतीत का होते दुसरं? सारे बसून उरलं तं मी.

तुम्हाले सांगते, पोरगी अशी धडाधड सोडवाले लागली का मोबाईलवाला मास्तर मांग पडला! मीच चुकली एका जागी. भांडी फिरता फिरता कधी कधी कप यायचा तांब्याच्या बाजूले. आता सांगा, भासऱ्याइच्या बाजूले मी? खुर्चीवर? ते घरात आले तं मी दाराच्या आड पदर वढून भुईवर बसते! रेशनवाल्यानं कुटुंबाच्या मोठ्याचं नाव विचारलं तं मी पोरीले कोपर मारते, सांग म्हणते. सव्वीस वर्सं झाली, तोंडातून नाव नाई काढलं! मंग भांडं का होईना, बसवन कशी? हातपाय गार! मी झटकन कप सरकवो अन् मधात परात उभी करो. पोरगी म्हणे, "आई, हा नियम पेपरात नाई."

"घरात हाय नं? दुसरं सोडव!"

दरवेळेस, बायाइनो. तीन महिने.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राच्या गेटवर. गेटवरचा म्हणे, "मावशी, सावलीत बसा." म्हणलं, बापा, बसाचं नाव घेऊ नको आज! पोरगी बाहेर आली तं चेहरा पांढरा, चुन्यासारखा. म्हणे, "आई, सात खुर्च्या होत्या, पाच प्रश्न त्याच्यावर. मोठे बाबा मधात बसवले, सारे बसले, शेवटी खुर्ची एकच उरली, मोठ्या बाबाच्या बाजूची. अन् माणूस एकच उरलं... तू."

"मंग?"

"मंग मले वाटलं माह्यंच चुकलं. असं कसं होईन? खोडलं. पुन्हा बसवलं. पुन्हा तूच त्याइच्या बाजूले! तिसऱ्यांदा बसवता बसवता वेळ सरला, कंप्युटर बंद झाला, आई."

पाचही प्रश्न गेले. निकाल लागला, नंबर हुकला तीन मार्कानं. तीन!

काल बसली बैठक. भासरे खाटेवर, आमचे हे भुईवर, मानीबाई उंबऱ्यात, मी दाराच्या आड. ते गरजले, "पोरगी हुशार होती, मी मना केलं नाई, मंग बिघडवलं कोणं? नाव सांगा मले, नाव!" मानीबाई म्हणे मोबाईलनं बिघडवलं. हे म्हणे मास्तरानं. मी आतून खुर्चीचं सांगितलं, तं हासले सारे. खुर्चीनं कोणी नापास होते का म्हणे! हासले, अन् भासरे उठले चप्पल घालाले. "ठरलं मंग. उद्यापासून पुस्तकं बंद."

पोरगी मांडणीपाशी उभी होती. रडत नोती, रडली असती तं बरं झालं असतं. भांडी पुसून जागच्या जागी ठेवून राह्यलीती, एक एक.

मी उंबरा ओलांडला. हातपाय गार माह्ये. मानीबाई म्हणे, "वं, डोकं फिरलं का तुहं?"

भासरे म्हणे, "काय हाय? विचार तिले, कोणाचं नाव घेते!"

आता जे व्हाचं थे होईन, म्हणलं. पदर तेवढा नीट केला डोक्यावरचा, मान खालीच ठेवली, अन् सव्वीस वर्सं तोंडातून नाई काढलेलं नाव घेतलं.

"लालसिंग."