माह्या गुडघ्यातलं पानी

नाई जी, खुर्ची नोको. एकडाव बसली का मले उठवाले दोन मानसं लागतात. उभीच बोलतो.

मायबहिनींनो, बाप्पाहो, अन् अकोल्याहून आलेल्या नीलिमा मॅडमच्या आई, तुमाले रामराम. काय बोलू? समोर समदे डॉक्टर. मी राजापेठेत झेंडूचे हार इकनारी बाई, गावच्या शायेत चवथी पास. पन मॅडमच्या लॅबमधी माहा बी हिस्सा हाय. माह्या गुडघ्यातलं पानी हाय तिथं, शिशीत.

हसा, हसा. मॅडम बी हसे.

मले संधिवात. दर तीन महिन्यानं मॅडम सुईनं गुडघ्यातलं पानी काढे. मी म्हनो, "काय पाह्यता वो त्यात एवढं? माह्या मालकानं तीस वर्सं त्या गुडघ्याकडं पाह्यलं नाई!" मॅडम म्हने, "काकू, तुमचंच आंग तुमच्या सांध्याले दुश्मन समजून राह्यलं. आतल्या अस्तरातल्या पेशी एकमेकीले निरोप धाडतात, पेटवा, पेटवा. पयला निरोप कोन धाडते, ते मी शोधून राह्यली."

म्या म्हनलं, "मले इचारा नं. आमच्या घरी मोठी जाऊ धाडे!"

मॅडमनं सुई बाजूले ठेवली अन् पोटभर हसली.

मालक गेल्यावर "काकू, झोप लागली काय?" असं मले इचारनारी एकच बाई होती. एकच.

अन् दरवेळी एक सवाल इचारे. "बाहेरचं औषध घेतलं काय, काकू? घेतलं असन तं सांगा. रागावत नाई. फक्त तुमचं पानी बाजूले ठेवीन."

एका दसऱ्यानंतर मॅडम माह्या हाराच्या गाडीवर आली. धापा टाकत. "काकू, तुमच्या पेशी चूप झाल्या! निरोपच बंद! कावून झाल्या असतीन?"

म्या म्हनलं, "तुमाले भेल्या असतीन."

ती हसली. मंग त्या पान्याच्या मांगं दोन वर्सं लागली. माह्या पेशीचे रंगीत फोटो भिंतीवर लावले. इतवारी बी लॅबमधीच. आई, तिचं अकोल्याले येनं होये नाई, ते त्याच्याच पायी. पंधरा दिवसांपैले तुमच्याकडं आली, तं छातीत दुखून तिथंच गेली. किती दिवसानं आली होती वो?

आता तिचे विद्यार्थी म्हनून राह्यले, काकूच्या पेशीचं काम आमी पुरं करू. म्हनून उठली मी. नाईतं उठत नोती.

दोन मिनिटं चूप उभं राहू म्हनता. राहू. पन पैले माहं आयका, नाईतं मी त्या दोन मिनिटात बी तोंड लपवून उभी राहीन.

त्या दसऱ्याले बोटं आखडली, वयत नोती. हार कसे गुंफू? आठवडी बाजारातल्या एका पुडीवाल्याची पुडी घेतली. तीन दिवसात बोटं पयाले लागली. पुढं साखर चढली, तवा दुसऱ्या डॉक्टरनं सांगतलं, असल्या पुडीत स्टेरॉइड कुटून टाकेल असते. तवा तरी सांगाचं होतं. मॅडमनं इचारलं, दरवेळी इचारलं. मले वाटलं, पानी बाजूले ठेवन, मंग मले बोलावनं बी बंद करन.

पोरंहो, ते फोटो भिंतीवरून काढा. पेशी आपोआप चूप नाई झाल्या. मी तिच्याशी खोटं बोलली.