पांढरीऐवजी पिवळी

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी एक रिकामी बाटली विक्रेत्यापुढे ठेवली आणि आवाज खाली आणला. तथापि रांग दाटीची होती. शब्द माझ्या कानी आलेच.

“भीतीवरच्या गोळ्या संपल्या, दादा. उद्या लेकीचा शेवटचा पेपर.”

“ताई, पांढऱ्या नाहीत. पिवळ्या आहेत. याही जीवनसत्त्वाच्याच, साध्या.”

“पिवळी बघून ती ओळखेल ना! पांढरी घेतल्याशिवाय तिच्या हातांचं थरथरणं थांबत नाही.”

“मग सांगा, शेवटच्या पेपरासाठी डॉक्टरांनी जोरदार दिली.”

“अजून एक थाप? महिनाभर थापाच मारतेय. पोरगी डोळे मिटून विश्वास ठेवते माझ्यावर. उद्या कळलं तर?”

“आतापर्यंतचे पेपर दिले ना तिने?”

“पाचही दिले.”

“हात?”

“स्थिर. आता माझेच थरथरतात. ती आत लिहिते आणि मी फाटकाबाहेर घड्याळ बघत उभी. घरी आल्यावर ती ढाराढूर झोपते, मी टक्क जागी.”

“हं. ही बाटली घ्या. तिला सकाळी खाल्ल्यावर एक.”

“बरं.”

“आणि तुम्हाला आत्ता एक. हे पाणी.”

“अहो, मला ठाऊक आहे ना त्यात काय आहे ते!”

“मलाही ठाऊक आहे. तरी रोज दुकान उघडताना मी एक घेतो.”

बाईंनी पेला हाती घेतला, गोळी तळहातावर ठेवून क्षणभर न्याहाळली.

“पांढरी असती तर बरं झालं असतं,” त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून त्यांनी ती घेतली.